पाण्याखालचा देव

मु. उंबरटेप, पेटा मुळशी, जि. पुणे
दिनांक २८ जानेवारी १९६२

चिरंजीव जयसिंग यास,

आशीर्वाद लिहिण्याचा रिवाज आहे म्हणून प्रथम आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण घडले नसते तर मी लिहिले नसते.

काल कोंडाजी पौडच्या बाजाराहून आला. तुझा चुलतभाऊ असूनही एरवी तो माझ्या ओट्यावर टेकत नाही. काल मात्र चहा होईपर्यंत बसला आणि मग बंडीतून एक मासिक काढून म्हणाला, "आबा, जयसिंगाचं नाव छापून आलंय. वाचा की मोठ्यानं. तुमी तर चौथी पास." त्याच्या सुरात आदर नव्हता. वस्तुस्थिती मात्र खरी आहे. मी मराठी चौथी उत्तीर्ण असून माझे वाचन शुद्ध आहे. मी वाचले.

कविता एका आफ्रिकन गृहस्थाची आणि भाषांतर तुझे, असे वर छापलेले आहे. नदीवर धरण बांधले, गाव पाण्याखाली गेले, माणसे ट्रकमध्ये भरून माळावर नेऊन टाकली, गोरखचिंचेचे झाड गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहिले, असा मजकूर आहे. शेवट असा आहे:

"आम्ही म्हणतो, देव वर आणला.
आणला तो धोंडा.
देव खाली आहे,
माशांना पाऊस वाटतो आहे."

इथपर्यंत वाचून मी मासिक मिटले. कोंडाजी म्हणाला, "वाघजाईला धोंडा म्हणतोय तुमचा लेक. आन् म्होरल्या साली त्येच्याच हातनं पूजा करायची व्हय?"

आता माझे म्हणणे ऐक. हा आफ्रिकन गृहस्थ कोणी नाही. तो तूच आहेस. तीन वर्षांपूर्वी भर यात्रेत बोकडाच्या बळीवरून तू वाघजाईसमोर बोललास. मी तुला सांगितले की बोलावल्याशिवाय गावात पाऊल ठेवू नकोस. तोंड बंद केले म्हणून तू दुसऱ्याचे तोंड शोधलेस. धरण आपले, बुडालेले गाव आपले. बैलगाड्यांच्या जागी तू ट्रक घातलेस. आपला उंबर दोन पावसाळे पाण्यात गळ्याएवढा उभा होता आणि तिसऱ्या वर्षी पडला; त्याच्या जागी गोरखचिंच घातलीस, कारण आपल्या भागात गोरखचिंच नाही आणि कोणाला ओळख पटणार नाही असा तुझा हिशेब. माझी नजर अजून शाबूत आहे.

या चैत्री पौर्णिमेला पहिल्या पूजेचा मान मला पुढच्या पिढीकडे सोपवायचा आहे. माझे गुडघे देवळाच्या पायऱ्या मानत नाहीत. तू नसलास किंवा गावाला चालला नाहीस, तर मान कोंडाजीच्या घरात जाईल आणि परत येणार नाही. हे तुला ठाऊक असावे म्हणून लिहिले. बोलावणे म्हणून लिहिलेले नाही.

हैबतराव वाळंज

---

दिनांक १९ फेब्रुवारी १९६२

चि. जयसिंग,

तुझे उत्तर पोचले. तू त्या माणसाचा फोटो पाठवलास आणि लिहिलेस की त्याचे नाव म्वेंबा, तो उत्तर ऱ्होडेशियातून पुण्यास शेतकीचे शिक्षण घेण्यास आला, झांबेझी नदीच्या काठचे त्याचे गाव चार वर्षांपूर्वी धरणात गेले. तो आपल्या भाषेत म्हणतो, इंग्रजीत समजावतो आणि तू मराठीत उतरवतोस.

फोटोने काय सिद्ध होते? आपला घाट उतरला की खाली कोकण. कोकणात जंजिरा. जंजिऱ्यास सिद्दी लोक पिढ्यान् पिढ्या राहतात; माझे वडील तांदूळ घेऊन तिकडे जात, तेव्हा त्यांचे त्यांच्याशी बोलणे होई, आणि तेही आपल्यासारखेच मराठीत. तसा एखादा भला गृहस्थ कोट घालून तुझ्यासमोर खुर्चीवर बसलेला नाही, हे मी कशावरून धरावे? तुझी आत्या धोंडाबाई म्हणते, "तुजा सौंशय म्हंजी निस्ता कुसळावानी हाय, दादा. कुटं बी घुसतोय." ती विधवा होऊन माझ्या घरी आली त्या दिवसापासून माझ्याविरुद्धच बोलत आहे. तिचे मत मी धरत नाही.

तुझ्या पत्रात एक लांबलचक भाग आहे. त्यांच्याकडचे कवी नदी, झाड आणि पाऊस यांवर लिहितात ते शोभेसाठी नव्हे, तेथे माणूस आपली ओळखच तशी सांगतो: कोणत्या काठचा, कोणत्या झाडाच्या सावलीत त्याचे मेलेले लोक आहेत. परक्या सरकारने त्यांना नावे आणि नंबर दिले, म्हणून ते कवितेत आपली झाडे परत मोजतात. असे तू लिहिलेस. वाचायला बरे आहे. परंतु यात आफ्रिकेचे काय? मलाही कोणी विचारले तर मी उंबरटेपचा, असेच सांगतो. तो उंबर आणि ते टेप, म्हणजे ते टेकाड, दोन्ही पाण्याखाली आहेत.

आता मुख्य मुद्दा. पहिल्या पत्रात मी तो लिहिला नाही. लिहावा की नाही याचा विचार करीत होतो.

गाव उठले त्या श्रावणात देवीचा तांदळा, म्हणजे शेंदराचा तो धोंडा, वर नेण्याआधी कौल लावला होता. देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हे तुला लहानपणापासून माहीत आहे. पाणी देवळाच्या पायरीला लागले होते. माझ्या वडिलांनी विचारले, "आई, वर येतीस का?" उजवी कळी पडली आणि देवी आनंदाने वर आली, असे गावाला सांगण्यात आले. आजही सांगतात.

उजवी पडली नव्हती. डावीही पडली नव्हती. पाणी आत आले तरी दोन्ही कळ्या तशाच राहिल्या, आणि वडिलांनी, गुरवाने आणि मी देवीला तिच्या होकारावाचून उचलले. वडील गेले, गुरव गेला. तुझ्या आईला मी एकदा सांगितले होते. तीही गेली. मग "आणला तो धोंडा" हे त्या आफ्रिकन गृहस्थाला कोणी सांगितले? तुझ्या आईने तुला सांगितले असले पाहिजे आणि तू ते छापलेस. दुसरा मार्ग मला दिसत नाही.

माणूस खरा असेल तर समोर आण. तू येऊ नकोस. त्याला पाठव.

हैबतराव वाळंज

ता. क. गेल्या साली पुण्यास पूर आला तेव्हा आपला गडी कान्हू याच्याबरोबर आंबेमोहोर पाठवला, त्याबद्दल तू आता आभार मानले आहेस. तो तांदूळ घरात जास्त झाला होता. कान्हूला तू जिवंत दिसतोस का एवढे पाहून ये असे मी सांगितले होते, हे त्याने तुला सांगायला नको होते.

---

दिनांक १२ एप्रिल १९६२

चि. जयसिंग,

तू पाठवलेला माणूस रविवारच्या एस.टी.ने आला. त्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण तू माझ्यावर अन्याय केल्याचा आरोप पुढे करशील, तेव्हा कागद असलेला बरा.

उंची साधारण सहा फूट, काळासावळा नव्हे तर अगदी काळा, चष्मा, हातात कापडी पिशवी. मी ओट्यावरूनच एकदम मराठीत विचारले, "काय पाव्हणं, बोट कधी सुटली मुरुडहून?" माझा अंदाज असा की सिद्दी असेल तर सवयीने उत्तर देईल. तो थांबला आणि म्हणाला, "अगोबाई, मला हळू बोललेलं समजतं."

कान्हू हसून हसून गोठ्यात गेला. धोंडाबाईने पदर तोंडात धरला. नंतर कळले की पुण्यात तो एका वृद्ध ब्राह्मण बाईंच्या घरी खोली घेऊन राहतो आणि त्याचे सारे मराठी त्यांच्यापासून घेतलेले आहे. या खुलाशाने माझा संशय कमी झाला नाही. उलट वाढला. एवढे बेमालूम सोंग तूच शिकवू शकतोस.

मी त्याला दोन दिवस पाहिले. त्याच्या खोलीची कडी मी बाहेरून लावत होतो, हे तुला त्याच्याकडून कळेलच. त्याने तक्रार केली नाही. धोंडाबाईने केली. "कोंबड्या डालतोस तसा डालतोस का रं त्याला? त्यो काय उडून जातोय?" मी म्हणालो, गावात कोंडाजी आहे, पाहुण्याची सुरक्षितता पाहावी लागते. ती म्हणाली, "व्हय व्हय. कोंडाजी लई मानूसखाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवराईच्या कडेने जाताना धनेश पक्षी ओरडला. म्वेंबा जागच्या जागी उभा राहिला. त्याच्याकडे या पक्ष्याचा एक भाऊबंद जमिनीवर चालतो, म्हणे, आणि त्याचा आवाज आला की बायका पावसाची वाट पाहू लागतात. मी विचारले, तू कविता करतोस तर पुण्यावर का करीत नाहीस? तेथे मोठे रस्ते आहेत, वीज आहे. त्याने बराच वेळ शब्द जुळवले. मग म्हणाला, "पुण्यात मी पाहुणा आहे. पाहुण्याने यजमानाच्या घराचं वर्णन करू नये. मला माझी नदी माहीत आहे, म्हणून मी नदी लिहितो. आता नदी नाही, मोठं तळं आहे. तर जास्त लिहितो."

उत्तर पाठ केलेले असू शकते, असे मला तेव्हा वाटले.

तिसऱ्या दिवशी मी त्याला पाण्याकडे नेले. सध्या पाणी बरेच उतरले आहे आणि जुन्या गावाचा वरचा भाग उघडा पडला आहे. घरे अशी नाहीत. चिखलात जोत्यांचे दगड आणि भिंतींच्या वीतभर रेषा, एवढेच. मी मुद्दाम काही सांगितले नाही. गुरेदेखील त्या रेषांवरून सरळ चालत जातात. मागे फिरायला आलेली पुण्याची मंडळी त्या जोत्यांवर बसून डबे खात होती. मी काठावर उभा राहिलो आणि त्याला म्हणालो, जा, पाहून ये.

त्याने पायातले बूट काढले. पहिल्या जोत्याशी गेला, थांबला, आणि भिंतीच्या रेषेकडेने पूर्ण वळसा घालून पलीकडे गेला. दुसऱ्या घरालाही तसेच. तेथे भिंत नाही. ओलांडायला पाऊलही उचलावे लागत नाही. तिसऱ्या घराशी त्याला आत पाहायचे होते, तर त्याने दाराची मोकळी जागा शोधली, बाहेर उभा राहून दोन्ही तळवे पोकळ करून दोनतीनदा टाळी वाजवली, वाट पाहिली, आणि मगच आत गेला.

ते घर आपले होते, जयसिंग. मी तेथे जातो तेव्हा मीही दारातूनच जातो. हे मी कोणाला सांगितलेले नाही आणि तू कधी माझ्याबरोबर तेथे आलेला नाहीस. तेव्हा हे तू त्याला शिकवले असणे शक्य नाही.

परत आल्यावर मी विचारले, सरळ का गेला नाहीस? तो म्हणाला, "लोकांच्या घरातून कसं जाणार?"

त्यानंतर मी त्याच्या खोलीची कडी लावलेली नाही.

संध्याकाळी मी कवितेचा विषय काढला. त्याने सांगितले ते असे. गाव हलवायचे ठरले तेव्हा साहेब म्हणाले, तुमचे पावसाचे देवस्थान पण ट्रकमध्ये घाला. त्याच्या आजीने तेथील एक धोंडा मांडीवर घेतला आणि नव्या जागी ठेवला. पुढच्या वर्षी पाऊस आला नाही. आजी रोज त्या धोंड्याला विचारते, तू आलास का? उत्तर मिळत नाही. ती कविता म्हणजे आजीचाच प्रश्न आहे. तुझ्या आईचा त्यात संबंध नाही. तिच्याविषयी मी फेब्रुवारीत जे लिहिले ते मागे घेतो.

मग त्याने मला विचारले, "आबा, तुमची देवी वर आली?"

मी म्हणालो, आली.

त्याने मान हलवली आणि पुढे काही विचारले नाही. तो यात्रेपर्यंत राहणार आहे. माझा त्याच्यावर आता संशय नाही. त्याने मान का हलवली, एवढाच आहे.

हैबतराव वाळंज

---

दिनांक २१ एप्रिल १९६२

चि. जयसिंग,

यात्रा पार पडली. म्वेंबा उद्याच्या गाडीने निघेल आणि तुला तो त्याच्या मराठीत सांगेल. त्याआधी हे पत्र पोचावे अशी माझी इच्छा आहे, म्हणून कान्हूला पौडला पिटाळतो.

पूजा मी केली. पायऱ्या चढताना म्वेंबाने हात दिला आणि तो मी घेतला. मागाहून गाव देवळापुढे बसले तेव्हा कोंडाजी मासिक घेऊन उभा राहिला.

"आबा, मान तुमच्या घरचा, कोन न्हाई म्हनतंय? पर जयसिंगानं देवी धोंडा हाय म्हनून छापलंय. त्येच्या हातचं पानी देवीला चालंल का न्हाई, त्येचा कौल लावा. उजवी पडली तर त्यो, डावी पडली तर आमी."

मी म्हणालो, ही कविता जयसिंगाची नाही. तिचा धनी येथे बसला आहे.

मी म्वेंबाला ती त्याच्या भाषेत म्हणायला सांगितले. बूट त्याने बाहेरच काढलेले होते. तो उभा राहिला, देवीसमोर तशीच पोकळ टाळी वाजवली आणि म्हणू लागला. मासिकात वाचताना ती मला चुरचुरीत वाटली होती. तशी ती नाही. ती हळू आहे, आणि एकच ओळ तो पुन्हा पुन्हा म्हणतो, दळताना बायका म्हणतात तशी.

शेजारच्या रत्नाबाईने विचारले, "रडतोय का गातोय त्यो?"

धोंडाबाई म्हणाली, "दोनी. गप ऐक."

मग मी मासिक कोंडाजीच्या हातातून घेतले आणि मराठीत संपूर्ण वाचून दाखवले. शेवटच्या चार ओळीही. वाचून झाल्यावर मी म्हणालो, "कोंडाजी, कौल तू लाव. पण जयसिंगाविषयी नको. ह्या गृहस्थाच्या आजीने जे विचारले तेच विचार. देवी आपल्याबरोबर वर आली, का खालीच राहिली?"

हे मी का म्हणालो ते मला नीट सांगता येत नाही. म्वेंबाला मी "आली" म्हणून सांगितले होते आणि आठ दिवस ते मला गिळता येत नव्हते.

कोंडाजीने तबकातून दोन कळ्या घेतल्या, पाण्यात बुडवल्या. देवीपर्यंत गेला. आणि हात तसाच राहिला. मला वाटले होते, तो आनंदाने लावील. त्याच्या पाठीवरून घाम गळत होता.

तेव्हा त्याची आई, आपली साळूबाई काकू, बसल्या जागेवरून म्हणाली, "ठिव त्या कळ्या खाली."

"का गं आये?"

"ठिव म्हनते ना. तवा बी पडल्या न्हवत्या."

मी तिच्याकडे पाहिले. गेणबा, गावात माझ्याहून वयाने मोठा आता तो एकटाच आहे, काठीवर हनुवटी टेकून म्हणाला, "आमाला ठावं हाय की समद्यास्नी. गुरवाच्या बायकूनं त्याच सांजंला सांगितलं व्हतं."

जयसिंग, ती गोष्ट मी छत्तीस वर्षे कुलपात ठेवली होती. तुझ्या आईला सांगितली त्याचाही मला पश्चात्ताप होता. त्या गोष्टीपायी मी माझ्या मुलावर आणि एका परदेशी माणसावर आरोप केले. आणि ती गावातील प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक होती, आणि त्यांनी ती माझ्यापासून जपली होती, कारण मला वाईट वाटेल.

कोंडाजी खाली बसला. तो तेव्हा पाळण्यात होता, त्याला खरोखरच ठाऊक नव्हते. "मंग इतकी वरसं आपुन निवद दावतोय त्यो कुनाला?" त्याने लहान मुलासारखे विचारले.

"जी वर आली तिला," साळूबाई म्हणाली.

"आन् न्हाई आली आसंल तर?"

साळूबाईने धोंडाबाईकडे पाहिले. धोंडाबाई माझ्याकडे न पाहता म्हणाली, "दोन निवद करतोय आमी. एक हितं वर. एक उजाडायच्या टायमाला पान्यात सोडतोय. पैल्या सालापास्नं. चुकून खाली ऱ्हायली आसंल, तर उपाशी नगं."

पुरुषांपैकी एकालाही हे माहीत नव्हते. माझ्याच चुलीवर दर चैत्रात दोन नैवेद्य शिजत होते. दुसरा मी गाईचा समजत होतो.

म्वेंबाला सारे कळले नाही. मी त्याला माझ्याच हळू मराठीत समजावले. त्याने चष्मा काढून पुसला आणि धोंडाबाईला विचारले की पाण्यात सोडताना काय म्हणता. ती म्हणाली, "काय म्हनायचं? जेव म्हनतो." त्याने ते आपल्या भाषेत पुटपुटून पाहिले आणि आजीला कळवतो म्हणाला.

कौल लावला नाही. कोंडाजीने कळ्या देवीच्या पायाशी ठेवल्या आणि म्हणाला, "आबा, जयसिंगाला बोलवा. मला न्हाई हे झेपायचं." म्हणून हे बोलावणे आहे. बोकडाच्या बाबतीत तू तीन वर्षांपूर्वी जे बोललास ते मला अजूनही मान्य नाही, आणि तुला वाद घालायचा असल्यास घरी येऊन घालावा. पुढच्या चैत्रातील पूजा तुझी. त्यापूर्वीही यावे. गुडघ्यांचा भरवसा नाही.

एक गोष्ट राहिली. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी मी धोंडाबाईला विचारले की पाण्यातला नैवेद्य पुढच्या खेपेस मी घेऊन गेलो तर चालेल का. आजवर तो बायकांनीच नेला आहे.

ती म्हणाली, "इच्यारून सांगते."

कोणाला विचारणार, हे तिने सांगितले नाही. काल ती दिवसभर साळूबाईकडे होती. आज सकाळी पाण्याकडून येताना दिसली.

हैबतराव वाळंज